क्षमा केली म्हणजे मार खायला परत जायचं का?

तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या ताईंना त्यांचे यजमान मारहाण करतात, म्हणून त्या दोन्ही मुलांना घेऊन माहेरी आल्या आहेत. यजमानांनी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंचांसमोर हात जोडून माफी मागितली. आता मंडळीतले वडीलधारे म्हणतात, ‘ख्रिस्ती बाईने साताच्या सत्तर वेळा क्षमा करावी, देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये, तिने नांदायला जावं.’ आणि तुमचा प्रश्न असा की ताई गेल्या नाहीत तर ते पाप होईल का.

नाही, होणार नाही. हे मी ख्रिस्ती म्हणूनच सांगते आहे. शास्त्र बाजूला ठेवून आजच्या काळाचं काहीतरी सांगावं, असा माझा विचार नाही. उलट, तुमच्या पंचांनी ज्या अध्यायातलं वचन काढलं तो अध्याय त्यांनी पूर्ण वाचावा, एवढीच माझी विनंती आहे. आमच्या मंडळीच्या महिला संघात मी बरीच वर्षं काम केलं आहे आणि हे एकच वचन घेऊन बाईला परत पाठवताना मी पाहिलं आहे. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

‘साताच्या सत्तर वेळा’ हे बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, १८व्या अध्यायाचं २२वं वचन. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला येशू काय म्हणतो पाहा. लहानांतल्या एकाला जो अडखळवतो त्याच्या गळ्यात जात्याची मोठी तळी बांधून त्याला समुद्रात बुडवावं, हे त्याच्या हिताचं. पुढे १५ ते १७ या वचनांत तो रीत घालून देतो: भावाने अपराध केला तर एकांतात त्याला त्याचा दोष दाखव. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत घे, म्हणजे साक्षीदार असतील. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांग. मंडळीचंही ऐकलं नाही, तर त्याला परका समज. एवढं सगळं झाल्यावर शिष्य पेत्राचा प्रश्न येतो, किती वेळा क्षमा करायची? म्हणजे ज्या प्रभूने अमर्याद क्षमा शिकवली त्यानेच, त्याच बैठकीत, अपराध्याला जाब विचारायला आणि वेळ पडल्यास त्याच्यापासून दूर व्हायला सांगितलं. तुमच्या पंचांनी २२वं वचन ताईंना ऐकवलं. १५वं वचन भाऊजींना कधी ऐकवलं का? त्यांना एकांतात गाठून ‘तू बायकोवर हात उगारलास’ असं कोण बोललं? हे आधी व्हायला हवं होतं.

क्षमा आणि परत एकत्र राहणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. क्षमा करायला एकटं माणूस पुरतं. समेटाला दोघं लागतात. क्षमा म्हणजे सूड सोडणं, त्या माणसाचं वाईट व्हावं ही इच्छा सोडणं, त्याचा न्याय देवाच्या हाती देणं. हे ताई माहेरी बसून करू शकतात. कदाचित त्यांनी ते केलंही असेल, आपल्याला काय माहीत? पण त्या घरात पुन्हा निर्धास्त झोपता येईल का, हे ताईंच्या क्षमेवर ठरत नाही. ते समोरच्याच्या वागण्यावर ठरतं.

याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण दावीद आणि शौलाचं आहे. ते आपण संडेस्कूलमध्ये शूरपणाची गोष्ट म्हणून शिकवतो आणि त्यातलं नातं विसरतो. शौल हा दावीदाचा राजा तर होताच, पण सासराही होता. १ शमुवेल वाचा. दावीद त्याच्यासमोर बसून वीणा वाजवतो आहे आणि शौल त्याला भिंतीशी खिळवायला भाला फेकतो. घरातल्या घरात, स्वतःच्या माणसावर. दावीद निसटतो, परत येतो, पुन्हा शौलाची सेवा करतो. मधे शौल आपल्या मुलाजवळ, योनाथानाजवळ, देवाची शपथ घेतो की दावीदाला मारणार नाही. त्या शपथेवर दावीद परत येतो. मग पुन्हा तोच भाला. यावेळी मात्र दावीद पळतो, आणि त्याला खिडकीतून खाली उतरवून वाचवते ती त्याची बायको मीखल, म्हणजे शौलाचीच मुलगी. त्या रात्री तिने बापाच्या घराण्याची अब्रू सांभाळली नाही, नवऱ्याचा जीव सांभाळला. शास्त्राने तिला त्याबद्दल दोष दिलेला नाही.

पुढे एन-गेदीच्या गुहेत शौल दावीदाच्या हाती सापडतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापतो आणि त्याला सोडून देतो. शौल मोठ्याने रडतो, म्हणतो, तू माझ्यापेक्षा नीतिमान आहेस. खरे अश्रू असतील, मी नाही म्हणत नाही. पण थोड्याच काळाने तो पुन्हा तीन हजार माणसं घेऊन दावीदाच्या मागावर निघतो. दुसऱ्यांदाही दावीद त्याला मारत नाही, उशाशी रोवलेला भाला आणि पाण्याचं भांडं तेवढं उचलून नेतो. तेव्हा शौल म्हणतो: मी पाप केलं, माझ्या मुला दावीदा, परत ये, मी पुन्हा तुझं वाईट करणार नाही. आता दावीद काय करतो? भाला परत देतो. शाप देत नाही, टोमणा मारत नाही. आणि आपल्या वाटेने निघून जातो. राजवाड्यात परत जात नाही.

दावीदाने क्षमा केली नाही असं कोणता पाळक म्हणेल? दोनदा शत्रू हाती आला आणि दोनदा त्याने हात आवरला. शौल मेला तेव्हा त्याने विलापगीत रचलं. पण ‘परत ये’ या शब्दावर त्याने आपला जीव टाकला नाही, कारण तो शब्द त्याने आधी ऐकला होता. भाऊजींनी पंचांसमोर हात जोडले, तसे याआधी किती वेळा जोडले होते, हे ताईंना विचारा.

योसेफानेही, त्याला गुलाम म्हणून विकणाऱ्या भावांना क्षमा केली, पण ओळख लगेच दिली नाही. धाकट्या बन्यामिनाला ते संकटात टाकून जातात की त्याच्यासाठी उभे राहतात, हे त्याने आधी पाहिलं. त्यांच्यातला यहूदा धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हा योसेफाला रडू आवरलं नाही.

यावर ‘दुसरा गाल पुढे कर’ हे वचन येणार. तेही आपल्या प्रभूचंच आहे, मला ते टाळायचं नाही. ते सूडाला नकार देणारं वचन आहे. पण ज्याने ते सांगितलं त्याच्या गालावर महायाजकाच्या शिपायाने चपराक मारली तेव्हा तो काय म्हणाला, हे योहानाच्या १८व्या अध्यायात आहे: मी चुकीचं बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? येशूने मार परतवला नाही, पण मारणाऱ्याला प्रश्न विचारल्याशिवाय सोडलंही नाही. नासरेथकर त्याला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. शिष्यांना त्याने सांगितलं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा. प्रेषित पौल जीव वाचवायला दिमिष्क शहरातून पाटीत बसून तटावरून खाली उतरला. वधस्तंभ येशूने स्वतः होऊन, जगाच्या तारणासाठी घेतला. दारू पिऊन आलेल्या माणसाच्या रागाला ‘तुझा वधस्तंभ’ म्हणून बाईच्या खांद्यावर ठेवायचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. या बाबतीत मला मध्यममार्ग मान्य नाही.

‘देवाने जोडलेलं’ हे वचन तर मला फार प्रिय आहे. लग्न म्हणजे करार नाही, देवापुढचं वचन आहे, असंच मी मानते. पण मत्तयाचा १९वा अध्याय उघडा. तिथे प्रश्न परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहुदी, विचारताहेत, आणि तो आहे बायकोला वाटेल त्या कारणाने सोडून देणाऱ्या पुरुषांविषयी. येशू त्या बायकांच्या बाजूने उभा राहिला. ज्या वचनाने त्याने स्त्रीला आसरा दिला, त्याच वचनाने आज तिला दाराशी अडवायचं? मलाखीच्या दुसऱ्या अध्यायात देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे असं आहे, ते आपण आवर्जून वाचतो. त्याच वचनात पुढे, जुलमाने आपलं वस्त्र माखणाऱ्याचाही तिटकारा सांगितला आहे. तिथवर आपलं वाचन क्वचितच पोहोचतं. आणि पेत्र आपल्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना बजावतो की पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. पंचांना विचारा, भाऊजींच्या प्रार्थनांची काळजी कोण करतंय?

शिवाय वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे. पौल करिंथकरांना लिहितो की पत्नीने पतीला सोडू नये, आणि लगेच पुढे म्हणतो, पण सोडलंच तर तशीच राहावी किंवा समेट करावा. म्हणजे वेगळं राहण्याची वेळ येऊ शकते, हे त्याने गृहीत धरलं आहे. तुम्ही प्रोटेस्टंट दिसता, पण कॅथलिक बांधवही हे वाचतील म्हणून सांगते: त्यांच्या १९८३च्या धर्मसंहितेतलं ११५३वं कलम म्हणतं की जोडीदाराच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहायला ते रास्त कारण आहे, आणि उशीर करण्यात धोका असेल तर बिशपांच्या निर्णयाची वाट न पाहताही. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या उपदेशपत्रात लिहिलं की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकही असतं.

पोलिसात जायचं म्हटलं की करिंथकरांस पहिल्या पत्राचा ६वा अध्याय काढतात: भावाभावांनी न्यायालयात जाऊ नये. तिथे पौल आपसांतल्या क्षुल्लक व्यवहारांच्या भांडणांविषयी बोलतो आहे. तोच पौल फटके मारायला बांधलं तेव्हा ‘मी रोमी नागरिक आहे’ म्हणून कायद्याचा आधार घेतो, आणि पुढे थेट कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागतो. रोमकरांस पत्रात तो सूड देवावर सोपवायला सांगतो आणि पुढच्याच अध्यायात, वाईट करणाऱ्याला शिक्षा देणारी सत्ता देवाची सेवक आहे, असं म्हणतो. ग्लॅडिस स्टेन्स यांचं उदाहरण आपल्या चर्चमधून नेहमी दिलं जातं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमथी ही दोन मुलं गाडीत जाळून मारली गेली. ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपदात कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. पण खटला थांबला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली. त्यामुळे त्यांची क्षमा खोटी ठरली का?

हेही माहीत असू द्या की हा मार्ग ख्रिस्ती बायकांना सहज मिळालेला नाही. १८६९च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती पत्नीला नुसती क्रूरता दाखवून घटस्फोट मिळत नसे, जोडीला व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट रद्द ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. ताईंना मात्र आज घटस्फोट मागण्याचीही गरज नाही. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज करून संरक्षणाचा आदेश, राहत्या घरातला हक्क, स्वतःसाठी आणि मुलांसाठी खर्च मागता येतो, लग्न तसंच राहून. महिलांची १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि जीवावर बेतलं तर ११२.

आणि भाऊजींचं काय? मी त्यांनाही टाकून देत नाही. माणूस बदलतो यावर माझा विश्वास नसता तर मी ख्रिस्ती राहिलेच नसते. पण बाप्तिस्मा करणारा योहान म्हणाला होता, पश्चात्तापाला शोभतील अशी फळं द्या. जक्कय या जकातदाराने नुसतं ‘चुकलो’ म्हटलं नाही. ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो म्हणाला. भाऊजींनी काय केलं ते आपल्या तोंडाने, नाव घेऊन, पंचांसमोर आणि तुमच्या वडिलांसमोर सांगावं, ‘पण तीही उलट बोलते’ हे शेपूट न लावता. दारू असेल तर उपचार घ्यावेत. मुलांचा खर्च दर महिन्याला पाठवावा, ताई परत येवोत न येवोत. आणि थांबावं. किती काळ, हे ताई ठरवतील. ज्याला खरा पश्चात्ताप झाला आहे तो मुदत घालत नाही. पाळकसाहेबांना काम करायचंच असेल तर ते इथे आहे. आठवड्यातून एकदा त्या माणसासोबत बसावं, त्याच्यासोबत प्रार्थना करावी, त्याला जाब विचारावा.

पंचांच्या पुढच्या बैठकीला ताईंना एकटं पाठवू नका, आणि शक्यतो भाऊजी त्याच खोलीत नसताना बोलू द्या. त्याच्यासमोर कोणतीही बाई खरं पूर्ण सांगू शकणार नाही. महिला संघातली एखादी वडीलधारी बाई सोबत न्या. जखमांचे फोटो, डॉक्टरांचे कागद असतील तर त्याच्या प्रती आधीच काढून तुमच्याजवळ ठेवा. ताईंना प्रभुभोजन नाकारलं जाईल असं कोणी सुचवलं, तर कोणत्या पापासाठी, हे लेखी मागा. आणि त्या रविवारी तुम्ही सगळे त्यांच्यासोबत एकाच बाकावर बसा.