पेनिसिलीन बुरशीपासूनच मिळतं, मग घरातल्या बुरशीला एवढं घाबरायचं कशाला?

तुम्ही विचारलंय की औषध जर बुरशीच देते, तर बेडरूमच्या भिंतीवरच्या काळ्या डागांची काळजी करायची का. आणि जाता जाता लिहिलंय की डब्यातले थोडे बुरसटलेले शेंगदाणे तुम्ही भाजून कुटात वापरून टाकता. मी बरीच वर्षं कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. घर चिपळूणला, त्यामुळे पावसाळ्यात चपलांपासून पुस्तकांपर्यंत सगळीकडे बुरशी बघतच मोठी झाले. मला भिंतीपेक्षा तुमच्या दाण्यांची काळजी जास्त वाटली, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

शेंगदाणे आणि मका ओलसर राहिले की त्यांच्यावर ॲस्परजिलस फ्लेवस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. या विषाचा शोध लागला तोच 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेल्यावर. जवळपास एक लाख पक्षी गेले आणि कारण निघालं खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडचं उदाहरण त्याहून वाईट आहे. 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या दोनशेहून जास्त आदिवासी गावांत माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी भरायला लागलं, गावातली कुत्रीसुद्धा आजारी पडली. अवकाळी पावसात भिजलेला मका नीट न वाळवता साठवला होता आणि लोकांचं रोजचं अन्न तोच होता. शंभरावर माणसं दगावली.

एका वेळी इतकं विष पोटात जाणं आपल्या घरांत क्वचितच घडतं. पण थोडं थोडं, वर्षानुवर्षं जात राहिलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि ज्यांना हिपॅटायटिस बी आहे त्यांना तर फारच. म्हणूनच आपल्या अन्नसुरक्षा नियमांत शेंगदाण्यासाठी मर्यादा किलोमागे फक्त 15 मायक्रोग्रॅम आहे. आता तुमच्या भाजण्याबद्दल. भाजल्यावर बुरशी मरते, पण तिने आधीच तयार केलेलं विष बरंचसं तसंच राहतं. उलट भाजल्यामुळे कुबट वास झाकला जातो आणि कूट केल्यावर वाईट दाणा ओळखायची शेवटची संधीही जाते. महाराष्ट्रात कूट रोज पोटात जातो, खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात. म्हणून दाणे भाजायच्या आधी ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, किडके, बुरसटलेले दाणे टाकून द्या. विष साधारण अशाच थोड्या दाण्यांत एकवटलेलं असतं, त्यामुळे या निवडण्याने खरोखर फरक पडतो. तोंडात कडू लागला तर थुंका. पूर्ण डब्यालाच कुबट वास येत असेल तर डबा रिकामा करा, आणि गुरांनाही घालू नका, कारण हे विष रूप बदलून दुधात उतरतं.

पाव, भाकरी, शिजवलेली भाजी यांचंही तेच. वरचा हिरवा ठिपका काढला तरी बुरशीचे तंतू आत पसरलेले असतात.

आता तुमच्या मूळ मुद्द्याकडे. बुरशी जमिनीत, पानांवर, फळांवर असंख्य जिवाणूंशी अन्नासाठी झगडत जगते. त्यासाठी ती तऱ्हेतऱ्हेची रसायनं बनवते. फ्लेमिंगला 1928 मध्ये दिसलेलं पेनिसिलीन त्यातलंच एक. आपल्या पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला तो याच औषधासाठी. कांद्याच्या सालीखाली जी काळी पूड दिसते तिच्याच जातीच्या बुरशीकडून कारखान्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, बनवून घेतात. हरभऱ्याचा मर रोग टाळायला शेतकरी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात, उसातल्या हुमणीवर मेटारायझियम सोडतात, त्या दोन्ही बुरशाच. आणि सह्याद्रीतला पालापाचोळा दरवर्षी कुजून माती होतो त्यात बुरशीचा वाटा इतका मोठा आहे की तिच्याविना जंगलाची मी कल्पनाच करू शकत नाही. पण औषधाच्या कुपीत येतं ते वेगळं काढलेलं, शुद्ध केलेलं, मोजलेलं एक रसायन. भिंतीवरची किंवा दाण्यावरची बुरशी काय बनवतेय हे डोळ्यांनी कळत नाही.

भिंतीवरचा काळा डाग म्हणजे 2021 मध्ये ऐकलेली 'काळी बुरशी' नव्हे. म्युकरमायकोसिसमध्ये काळे पडतात ते रुग्णाचे मेलेले ऊतक. तो आजार तेव्हा वाढला तो मुख्यतः अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा मारा यांमुळे. ती भीती मनातून काढा. पण ओलसर भिंतीवरच्या बुरशीच्या बीजाणूंनी सर्दी, शिंका, खोकला आणि दमा बळावतो, हे खरंच आहे. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर डाग तसाच ठेवू नका.

आमच्याकडे हेच झालं. कपाटामागची भिंत सलग दोन वर्षं आम्ही दिवाळीआधी रंगवली, आणि दोन्ही वर्षी पुढच्या पावसाळ्यात डाग परत आले. मुलाचा रात्रीचा खोकला काही केल्या जाईना. शेवटी एका जुन्या प्लंबरने भिंतीला हात लावून सांगितलं, "ताई, वरच्या बाथरूमचा पाइप गळतोय, रंगाचे पैसे वाया घालवू नका." बुरशीला पाणी लागतं. तेवढंच शोधायचं होतं आणि आम्ही डागाकडे बघत बसलो होतो.

तुम्हीही आधी गळती शोधा. गच्ची, पाइप, खिडकीची चौकट, जे असेल ते. मग मास्क आणि हातमोजे घालून डाग साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्यानेच पुसा. कोरडं खरवडलं की बीजाणू सगळ्या खोलीत उडतात. हे काम दमेकऱ्याने करू नये. ब्लीच वापरलंत तर ते संडास धुवायच्या ॲसिडात चुकूनही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. रंग सगळ्यात शेवटी, भिंत आतून कोरडी झाल्यावर. आमच्या भिंतीला पाइप बदलल्यावरही त्यासाठी जानेवारी उजाडला.