पाच देशांची नदी आणि आपला फुगवटा

प्रश्न : माझं माहेर सांगलीचं, लग्नानंतर डोंबिवलीत. जुलै लागला की भावाचा रोज व्हॉट्सअ‍ॅप येतो, 'आयर्विन ३१', 'आयर्विन ३६' (सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर), बस एवढंच, आणि त्या आकड्यावर आमच्या घरातला मूड ठरतो. मुलगा सध्या शिकायला कोलोनला आहे. तो म्हणतो आई, इथली ऱ्हाइन कितीतरी देशांतून येते आणि सगळे मिळून तिला सांभाळतात. हे खरं का? आणि खरं असेल तर आपल्याकडे दरवर्षी कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून भांडण का?
– एक वाचक, डोंबिवली पूर्व

उत्तर : ताई, मुलगा खरं सांगतोय पण अर्धंच. तो आता जी नदी बघतोय ती भांडून भांडून झालेली आहे, आणि ते भांडण आपल्यापेक्षा काही कमी नव्हतं.

ऱ्हाइन साधारण १,२३० किलोमीटर, स्वित्झर्लंडच्या डोंगरातून निघून नेदरलँड्समध्ये समुद्राला मिळते. म्हणजे वरच्या सगळ्यांची घाण शेवटी डच लोकांच्या नळात. त्यांनी आरडाओरडा केला तेव्हा १९५० मध्ये स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स यांचं कमिशन झालं. आणि मग काय, बैठका! नदी इतकी घाण की लोक तिला युरोपचं गटार म्हणायचे. त्यात फ्रान्सच्या अल्सास भागातल्या पोटॅशच्या खाणी टनावारी मीठ नदीत सोडायच्या आणि खाली डच ग्रीनहाउसवाल्यांची रोपं खारट पाण्याने खराब व्हायची. ते कोर्टात गेले, आणि १९७६ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की नुकसान जिथे झालं तिथेही दावा लावता येईल, खाणीच्या दारात जायची गरज नाही. त्याच वर्षी मीठ कमी करायचा करार झाला, त्यात खर्चाची वाटणी बघा : फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६ आणि नेदरलँड्स ३४! ज्याच्या पाण्यात मीठ पडलं त्याचाच हिस्सा सगळ्यात मोठा. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला होता, अजूनही पूर्ण गेलेला नाही, पण डच लोकांनी हिशोब केला असणार की न्यायाची वाट बघत बसलो तर तोवर खारं पाणीच पीत बसावं लागेल.

खरा धक्का बसला १ नोव्हेंबर १९८६ ला. मध्यरात्र उलटल्यावर बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, आत हजारभर टनांवर केमिकल, बरंचसं कीटकनाशक. आग विझवायला मारलेलं पाणी ते सगळं घेऊन नदीत उतरलं, त्यात रंगाचं केमिकलही होतं, त्यामुळे सकाळी नदी लाल. खाली शेकडो किलोमीटर वाम मासे मेले, दीड लाखाच्या आसपास. खालच्या देशांना कळवायलाही उशीर झाला, त्यावर वेगळा गदारोळ. मग मात्र पुढच्याच वर्षी सगळ्यांनी मिळून कार्यक्रम ठरवला आणि त्याचं टार्गेट काय, तर २००० सालापर्यंत नदीत सॅमन परत आला पाहिजे. (आपल्याकडे रावसाला इंडियन सॅमन म्हणून विकतात तो नाही हो, खरा सॅमन.) मला हे भारी डोकं वाटतं, कारण तो मासा समुद्रातून येतो आणि अंडी घालायला पार वर गोट्यांच्या उथळ पाण्यात जातो, मधल्या एकाने जरी नदी नासवली किंवा बांध घालून अडवली तरी त्याचा प्रवास संपला, त्यामुळे कोणालाच 'माझा तुकडा साफ आहे' म्हणून हात झटकता येत नाहीत.

सॅमन आला. पण अजून पिल्लं सोडावी लागतात, आणि वरच्या धरणांमुळे बाझलपर्यंत पोचताना त्याचे हाल होतात. आणि २०२१ च्या जुलैत ऱ्हाइनला मिळणाऱ्या आर नावाच्या छोट्या नदीला पूर आला, त्या एका खोऱ्यात १३० हून जास्त माणसं गेली, इशारे होते पण वेळेत घरोघरी पोचले नाहीत. म्हणजे तिकडेही सगळं आलबेल नाही.

आता आपलं. कृष्णेचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ चा : महाराष्ट्र ५६० टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी), कर्नाटक ७००, आंध्र ८००. हा पाण्याच्या वाटणीचा हिशोब, भावाभावांत शेत वाटतात तसा. पूर आला तर कोणी कोणाला किती वाजता कळवायचं, हा तेव्हाचा मुद्दाच नव्हता. शिवाय आपली गोष्ट उलटी आहे. ऱ्हाइनवर वरचा देश खालच्याला त्रास देतो, इथे सांगलीकर वर आहेत आणि तक्रार खालच्या धरणाची, की अलमट्टीच्या फुगवट्याने, म्हणजे धरणात अडून मागे चढलेल्या पाण्याने, पूर उतरत नाही. कर्नाटक म्हणतं तुमचा पाऊस, तुमच्या कोयनेचा विसर्ग, तुमचीच पूररेषेतली बांधकामं. दोघांच्या हातात आपापले आकडे. २०१९ ला आयर्विनला पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेलं (धोका पातळी ४५), तुम्हाला काय सांगायचं, तुमच्या घरानेच ते बघितलं असेल. त्यानंतर २०२१ च्या जूनमध्ये दोन्ही राज्यांची मंडळी बेंगळुरूला बसली आणि विसर्गाची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना द्यायचं ठरलं. पुढच्याच महिन्यात परत पूर.

माझं मत विचाराल तर आपलं घोडं अडलंय ते आकड्यापाशी. जर्मनी-स्वित्झर्लंडच्या सीमेवर वाइल नावाच्या गावात पाणी तपासायचं केंद्र आहे, ते दोघांच्या पैशावर चालतं, नमुना एक, रिपोर्ट एक, त्यामुळे निदान 'तुमचा आकडा खोटा' हे भांडण तिथे होत नाही. असं एखादं केंद्र राजापूर बंधाऱ्याजवळ, दोन्ही राज्यांचं मिळून, का नसावं? तोवर भावाला सांगा, आयर्विनच्या फुटांसोबत कोयनेचा आणि अलमट्टीचा विसर्गही टाकत जा, किती क्युसेक आणि किती वाजताचा. नुसत्या फुटांवरून टेन्शन तेवढं येतं, उद्या काय होणार ते कळत नाही.

प्रश्न : देश सोडा, राज्यं सोडा. आमची मिठी अख्खी मुंबईतच आहे, मग ती का सुधरत नाही?
– एक वाचक, कुर्ला पश्चिम

उत्तर : दादा, विहार-पवईपासून माहीमपर्यंत जेमतेम १८ किलोमीटरची नदी, पण २६ जुलै २००५ नंतर कामाची वाटणी झाली तेव्हा तिचेही दोन तुकडे पडले, वरचे १२ किलोमीटर पालिकेकडे आणि खालचे ६ एमएमआरडीएकडे. वर एअरपोर्टची हद्द वेगळीच. दरवर्षी मे महिन्यात गाळ किती काढला यावरून बोंबाबोंब होते ती तुम्ही बघताच. आणि ती हद्द कुठे बदलायची माहितीये? तुमच्या सीएसटी रोडच्या पुलाशी. म्हणजे तुम्ही तर बॉर्डरवरच राहता की.