पहिलं इंजिन घेताना

पहिल्या ट्रेनर, म्हणजे उडवायला शिकायच्या मॉडेल विमानाला ४६ साइजचं, म्हणजे साधारण ७.५ सीसीचं, दोन बेअरिंगांचं ग्लो इंजिन (तापलेल्या प्लगवर मिथेनॉलचं इंधन जाळणारं) घे. ११×६ चा (११ इंच व्यास, ६ इंच पिच, म्हणजे एका फेरीत पुढे जायचं अंतर) प्रोपेलर त्याला छान जमतो.

जुनं मिळालं तरी चालेल, पण नुसत्या फोटोवर पैसे पाठवू नकोस. प्लग घट्ट बसवून प्रोपेलर हाताने फिरव. पिस्टन वर येताना दाब ठळक लागला पाहिजे. फिरवताना खरखर आली की बेअरिंग गंजलंय समज. आपल्या गोव्यात हे फार होतं, खारा वारा आणि चार महिने पाऊस. त्यात इंधनातलं मिथेनॉल हवेतली ओल शोषतं. म्हणून उडवून झालं की टाकी रिकामी कर, उरलेलं इंधन इंजिन चालवून जाळ आणि कार्बुरेटरमध्ये तेलाचे चार थेंब सोड. माझं पहिलं इंजिन मी एक पावसाळा तसंच ठेवलं आणि गमावलं. अजून वाईट वाटतं.

इंजिन जाम असेल तर पक्कड लावू नकोस. बहुतेकदा इंधनातलं एरंडेल सुकून चिकटलेलं असतं, गरम हवेने सुटतं.

इंधन ज्वालाग्राही, त्यामुळे विमानाने येत नाही, रस्त्याने मागव. आणि दाबोळी, मोपा विमानतळांच्या आसपास उडवायचं नाव काढू नकोस.