आमच्या छोट्या संस्थेच्या सहा बालवाड्या आहेत. देणगीदार कंपनी परिणामांचा पुरावा मागते. मूल्यमापन कसं करावं?

'आधीची चाचणी, नंतरची चाचणी' या फंदात पडू नका. तुम्ही लिहिलंय की एका सल्लागाराचं कोटेशन आलंय. ते परत पाठवा. चार वर्षांचं पोर सहा महिन्यांत रंग ओळखायला लागतं, गोष्ट सांगायला लागतं. घरी बसलं असतं तरी यातलं बरंचसं शिकलंच असतं. तुलनेला बालवाडीत न येणारी मुलं नसतील तर तुम्ही मोजता ते फक्त त्याचं वाढलेलं वय.

चिडून लिहितेय, कारण बीड जिल्ह्यात पर्यवेक्षिका होते तेव्हा आमच्याकडे हेच झालं. सल्लागार पुण्याहून आले. पहिली चाचणी ऑगस्टात, दुसरी फेब्रुवारीत. बीड ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. मजुरीची आगाऊ उचल आधीच घेतलेली असते, दसरा-दिवाळीच्या सुमारास मजूर नेणारा मुकादम गाडी लावतो आणि आईबाप ऊसतोडीला निघतात. थोरलं शाळेसाठी आजीपाशी राहतं, पण बालवाडीच्या वयाचं पोर आईबरोबरच जातं. गाव पुन्हा भरतं ते गुढीपाडव्याच्या आसपास. मग फेब्रुवारीत सतरंजीवर कोण होतं? ज्यांच्या घरी विहीर बागायत आहे, दुकान आहे, नोकरी आहे त्यांची मुलं. ऑगस्टची सरासरी सगळ्यांची, फेब्रुवारीची उरलेल्यांची! आलेख असा चढला की संस्थेच्या सचिव सरांनी तो फ्रेम करून ऑफिसात लावला.

चाचणीच्या चित्रकार्डांत एक टोस्टर होता. एका मुलीने तो नीट निरखला, वायरवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "चार्जर." शून्य गुण.

बैठकीत मी एवढंच म्हटलं की दोन्ही वेळा हजर असलेल्यांचेच गुण जोडीने लावा. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही बालवाड्या बघा, आकडे त्यांना बघू द्या." हजेरीपट माझ्याच ताब्यात होते. घरी वहीत हिशेब मांडला तर वाढ निम्म्यावर आली. ती वही कुणी उघडून पाहिली नाही.

आणि 'पुराव्यावर आधारित' म्हणजे तरी काय? जमैकात, किंग्स्टनला, १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायची आणि मुलाशी कसं खेळायचं ते आईला दाखवायची. ती मुलं बाविशीची झाली तेव्हा त्यांची कमाई इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. अमेरिकेत मिशिगनच्या गाजलेल्या पेरी बालवाडीतही वर्ग होताच, शिवाय आठवड्याला दीड तासाची गृहभेट होती. देणगीदार या नावांवर भाळतात. आमच्याकडे गृहभेट महिन्यातून एकदा, तीही दारातच सही घेऊन. जे केलंच नाही त्याचा परिणाम कसला मोजता?

तेव्हा आधी स्वतःचं काम मोजा. गृहभेट झाली का, किती वेळ चालली, कोणता खेळ घेतला. कोणतं मूल कधीपासून येत नाही, कुठे गेलं. पर्यवेक्षिकेने कोपऱ्यात गप्प बसून वर्ग बघावा: ताई किती बोलते आणि पोरं किती बोलतात. सहा बालवाड्यांवर याहून मोठा दावा करता येत नाही. मुलं दीडशे असतील, पण ताया सहाच, आणि ताई बदलली की वर्ग बदलतो.

कंपनी कायद्याचा धाक दाखवत असेल तर २०२१ चा सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) नियम त्यांच्यापुढे ठेवा. ज्या कंपनीची सीएसआरची मागच्या तीन वर्षांची सरासरी रक्कम दहा कोटी किंवा जास्त आहे, तिलाच परिणाम-अभ्यासाची सक्ती आहे, आणि तीही एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांपुरती. सहा बालवाड्यांचं बजेट तिथवर जात नसणार.

हां, विद्यापीठातलं कुणी स्वखर्चाने शेजारच्या गावांतली मुलंही तपासायला तयार असेल तर जरूर करा. आणि मुलांना तपासूच नका असं माझं म्हणणं नाही. कुणाला ऐकू कमी येतं, कोण अजून बोलतच नाही, हे ताईला कळायलाच हवं.

एवढं करूनही चाचणी गळ्यात पडलीच तर दुसरी फेरी पाडव्यानंतर, गाड्या परतल्यावर घ्या. गळालेल्या मुलांचा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर छापायला लावा. सचिव कुरकुरले तर तुमचा विरोध इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्यावर त्यांची सही घ्या.