फुटलेला पाइप आणि मुरलेली ओल

प्रश्न : नेरुळला जुना फ्लॅट घेऊन आठ महिने झाले. गणपतीला पाच दिवस गावी होतो. परतलो तर गीझरचा पाइप फुटून घरभर घोटाभर पाणी. वॉर्डरोब, दिवाण, गादी सगळं भिजलं. पाणी काढलं, पाइप बदलला, गादी कचऱ्याच्या गाडीत दिली. 'भारत गृह रक्षा' ही घराच्या विम्याची पॉलिसी आहे. आता क्लेम मिळेल का?

उत्तर : मिळायला हवा. पाइप किंवा टाकी फुटून झालेलं नुकसान या पॉलिसीत येतं. पाणी काढलंत हे बरोबरच केलंत, नुकसान वाढू न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी. चुकलं ते गादी टाकण्यात. तिचा फोटोही नसेल, तर ती विसरा.

कंपनीला आजच कळवा आणि वॉर्डरोबला सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत हात लावू नका. मी बावीस वर्षं हेच काम केलं. घरात शिरलो की आधी वाकून वॉर्डरोबचा तळ बघायचो. परवा भिजलेला प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखा फुगतो, थर सुटतात, पण लाकूड आतून उजळ असतं. वर्षभर ओल खाल्लेल्या प्लायचा बोटाने दाबताच भुगा होतो आणि मागच्या बाजूला काळी बुरशी दिसते. दोन्ही पाण्यानेच खराब झालेले, पण पैसे पहिल्याचेच मिळतात.

फुटलेला पाइप प्लंबरकडे असेल तर मागून घ्या, त्याच्याकडून तारखेसह बिल घ्या. फर्निचरची बिलं नाहीत? सुताराला जीपेने दिलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटमध्ये दिसतील. वास्तुशांतीच्या फोटोत भटजींच्या मागे उभा असलेला वॉर्डरोबही मी पुरावा म्हणून धरलेला आहे. खालच्या शेजाऱ्यांचं छत खराब झालं असेल, तर तो खर्च मात्र तुमच्या या पॉलिसीत येणार नाही.

प्रश्न : कासारवडवलीला १ कोटी १५ लाखांचा फ्लॅट घेतला, कार्पेट ७०० चौरस फूट. बँकेने कर्जासोबत विमा दिला आहे. आणखी एक १ कोटी १५ लाखांचा घ्यायचा का?

उत्तर : आधी बँकेचा कागद काढून वाचा. बहुतेक वेळा तो तुमच्या आयुष्याचा विमा असतो. तुमचं बरंवाईट झालं तर कर्ज फिटेल, पण आग लागली तर भिंतीला रुपया मिळणार नाही. आणि विमा घराच्या बाजारभावाचा नसतो, पुन्हा बांधायच्या खर्चाचा असतो. घोडबंदर रोडची जमीन जळत नाही! बांधकामाचा दर फुटाला ३,००० रुपये धरला, तर ७०० फुटांचे २१ लाख होतात. 'भारत गृह रक्षा'त, म्हणजे १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांनी द्यायच्या प्रमाण पॉलिसीत, घरातल्या सामानाला याच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळतं. तुमच्या बाबतीत ४ लाख २० हजार. सामान त्याहून जास्तीचं असेल तर यादी द्या. दागिन्यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि घरफोडीचंही, कारण मूळ पॉलिसीत चोरी धरतात ती फक्त आग, पूर अशा घटनेनंतर सात दिवसांत झाली तर.

प्रश्न : ऐरोलीत आमच्या हॉलची भिंत दर पावसाळ्यात ओली होते, रंगाचे पापुद्रे निघतात. क्लेम करावा का?

उत्तर : नको. हळूहळू मुरणारी ओल ही देखभालीची बाब आहे, विम्याची नाही. पाणी वरच्यांच्या संडास-मोरीतून येत असेल तर खर्च त्यांचा. पावसाचं किंवा बाहेरच्या सामाईक पाइपचं असेल तर सोसायटीचा. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जिन्यात भेटून सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

प्रश्न : कंपनीने क्लेम नाकारला, कारण एका ओळीत. पुढे काय?

उत्तर : कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा आणि कंपनीच्या तक्रार विभागाकडे दाद मागा. तिथून नकार आला किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. वकील लागत नाही, फी नाही. फक्त त्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा. सर्व्हे रिपोर्टची प्रत आधीच मागून ठेवा. भांडण बहुतेक वेळा त्यातल्या एखाद्या वाक्यावरच असतं.