ताउलच्या चर्चमधली चित्रं बार्सिलोनात कशी गेली?

स्पेनमधल्या ताउल गावच्या सान क्लिमेन चर्चची मूळ भित्तिचित्रं चर्चमध्ये का नाहीत, असा प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचं तर, ती परदेशी विकली जातील या भीतीनं बार्सिलोनाच्या संग्रहालयात हलवली. कातालोनियातल्याच (ताउल ज्या प्रांतात आहे तिथल्याच) मुर इथली चित्रं विकली गेली, ती पुढे बोस्टनच्या संग्रहालयात पोचली, तेव्हा सगळे जागे झाले. मग 1919 ते 1923 या काळात इटालियन कारागिरांनी पिरेनीजच्या डोंगरातल्या चर्चमधली चित्रं उतरवली. भिंतीवर सरस लावून कापड चिकटवायचं, वाळलं की हळूहळू ओढायचं. रंगाचा पातळ थर कापडासोबत सुटून येतो. ती गुंडाळी खेचरांवरून खाली न्यायची. जीव धास्तावतो वाचताना!

चर्च देवाला अर्पण केलं ते 10 डिसेंबर 1123ला. ती नोंद तिथल्याच खांबावर रंगवलेली होती. वेदीमागच्या अर्धघुमटात रंगवलेल्या ख्रिस्ताच्या हातातल्या पुस्तकावर लॅटिनमध्ये लिहिलंय, ‘मी जगाचा प्रकाश आहे’. ते डोळे एकदा पाहिले की विसरत नाहीत.

तरी ताउलला जाच. सहा मजली दगडी मनोरा जागेवरच आहे, आणि आत प्रोजेक्टरनं ती चित्रं पुन्हा भिंतीवर उमटवतात.