घरोटातलं घर

यावलच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : बहिणाबाई चौधरींची 'घरोट' (म्हणजे दळायचं जातं) ही कविता ओवी की अभंग, आणि कष्टाचं दुःख हा तिचा भाव म्हणून शिकवावं का? वर पुस्ती जोडलीय, 'घरोघर असतो म्हणून घरोट ना?'

आधी ही पुस्तीच निकालात काढू. जळगावकडच्या व्याख्यानांतून ती इतक्यांदा कानावर आदळलीय की आता सभ्यपणे बोलवत नाही. घर आलं गृहातून, आणि घरोटाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. संस्कृतात 'घरट्ट' म्हणजे दळायचा दगड. त्याचाच आमच्याकडे खानदेशात घरोट झाला. उत्तराखंड-हिमाचलात ओढ्याच्या पाण्यावर फिरणारी पिठाची चक्की असते. पहाडी माणूस तिला काय म्हणतो? घराट! आसोद्याच्या लेकीचं, म्हणजे बहिणाबाईंचं, आणि गढवालच्या बाईचं दळण एकाच शब्दात. मग 'घरट्ट' कुठला? 'घृष्', म्हणजे घासणे, या धातूकडे बोट दाखवणाऱ्या पंडितांनी कधी पायलीभर ज्वारी दळलेली दिसत नाही. पहाटे भिंतीपलीकडून घासणं ऐकू येत नाही, घरघर ऐकू येते. नाव आवाजावरून पडलं, हे माझं ठाम मत. कोशांना पटत नसेल तर न पटो. बाकीच्या महाराष्ट्राचं 'जातं' आलं 'यंत्रा'तून, त्याचंही जाण्यायेण्याशी काही नातं नाही.

हां, छंद राहिला.

अरे घरोटा घरोटा
तुझ्यातून पडे पिठी
तसं तसं माझं गानं
पोटातून येतं व्होटी

बोटांवर मोजा, चरणाला आठ अक्षरं. पिठी-व्होटी हे यमक जरा सैल, पण गळ्यात चपखल बसतं. अक्षरं मोजणारे याला अभंग म्हणतात. म्हणोत. ११२९ च्या सुमाराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वर सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. ओवीची ओळख कामावरून आहे, अक्षरांवरून नाही. ही ओवीच.

आणि दुःख कुठं दिसलं? 'अरे घरोटा' ही घरच्या पोराला मारावी तशी हाक आहे. चार ओळींत घरोटाला 'माझा' म्हटलेलं नाही, पिठीलाही नाही. 'माझं' आहे ते फक्त गाणं. त्यात रड नाही, चांगलीच ऐट आहे.

शिवाय 'व्होटी' म्हणजे ओठी. ओटीत नव्हे, तेही ऐकून झालंय.